मेमरी, स्मृती की साठवणक्षमता?

प्रश्न असा आलाय: ऑफिसातल्या सर्व्हरमध्ये रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटर काम करताना वापरतो त्या मेमरीच्या, ३२ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, आणखी दोन टाकल्या, ६४ची १२८ जीबी झाली, आता मराठी अहवालात काय लिहायचं? "स्मृती वाढवली", "साठवणक्षमता वाढवली" की सरळ "मेमरी वाढवली"?

साठवणक्षमता आधी खोडा. हे ऐकून ऐकून कान किटलेत. साठवण डिस्कवर होते, वीज गेली तरी तिथलं जागच्या जागी राहतं, रॅममधलं मात्र वीज गेली की पुसलं जातं, मग तिला साठवण कसली म्हणता? फोटो मावेनात की लोक "मोबाईलची मेमरी फुल झाली" म्हणतात, तिथूनच हा घोळ घरोघरी गेलाय. आता तो कागदोपत्रीही आलाय, एका निविदेत मी स्वतः "सर्व्हरची साठवणक्षमता ६४ जीबी" असं वाचलंय, आता पुरवठादाराने यावरून काय पाठवायचं, रॅम की पेनड्राइव्ह?

आणि रॅम म्हणजे रँडम ॲक्सेस मेमरी, तिचं "यादृच्छिक अभिगम स्मृती" हे भाषांतर ज्यांना लाडकं आहे त्यांच्याशी माझं कधीच पटणार नाही. यदृच्छा म्हणजे आपोआप, योगायोगाने, काही न ठरवता. सांख्यिकीत तो शब्द चालेल, इथे नाही. रॅममध्ये प्रोसेसर योगायोगाने कुठेतरी जाऊन पडत नाही, त्याला नेमका पत्ता माहीत असतो, आणि टेपसारखं आधीचं सगळं गुंडाळत न बसता हव्या त्या पत्त्यावर तो थेट पोचतो. इथल्या रँडमचा अर्थ "हवं तिथून" एवढाच आहे, शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून चिकटवला की असं होतं. त्यात कोणी वर सांगतं की यादृच्छिकमध्ये "याद" आहे म्हणून तो आठवणीचा शब्द! याद फारसी, यदृच्छा संस्कृत, काही संबंध नाही.

आता स्मृती. "मेमरी हा शब्द इंग्रजांनी आपल्या स्मृतीवरून उचलला" हे फॉरवर्ड तुमच्याकडेही आलं असेल. उचलला वगैरे नाही हो, दोघी बहिणी आहेत. लॅटिनमधला मेमोर, म्हणजे ज्याच्या लक्षात आहे असा, आणि आपला स्मृ धातू एकाच जुन्या मुळातून आलेत. लॅटिनमध्ये सुरुवातीच्या स्मचा स गळतो, आपल्या स्मितचा तिकडचा नातलग बघा, मीरुस, म्हणजे नवलाचा, ज्याच्या घराण्यात मिरॅकल आणि मिरर येतात. स गेला, म राहिला. पण मग मेमोरमध्ये दोन म कुठून आले? तिथे धातूचा पहिला तुकडा दोनदा म्हटलाय, मे-मोर! संस्कृतात "त्याने आठवलं" याचं परोक्ष भूतकाळातलं रूप सस्मार, तिथेही पहिलं अक्षर दोनदा. दोन्ही रूपांची घडण वेगळी आहे, एक विशेषण आणि एक क्रियापद, ते मला माहितीय, पण पाणिनी या दोनदा म्हटलेल्यातल्या पहिल्या तुकड्याला काय म्हणतो माहितीय? अभ्यास!

हे मला इतकं आवडतं कारण सर्व्हरमधली रॅम अक्षरशः अभ्यासावरच जगते. आज रॅमचा जो प्रकार आपण वापरतो, डीरॅम, ती आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डची कल्पना, पेटंट १९६८चं. तिच्यात एकेक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार, आणि तो सारखा गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा लिहावी लागते, तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर ३२मध्येच. म्हणजे घोकंपट्टी! घोकणे हा शब्दही घोषावरून, षचा ख होऊन, हिंदीत घोखना आणि आपल्याकडे घोकणे. मोठ्याने पुन्हा पुन्हा म्हणा, तरच राहील.

पुढचं तर अजून छान आहे. सर्व्हरची रॅम बहुतेक ईसीसी, म्हणजे चूक ओळखून दुरुस्त करणारी, असते, डीडीआर४ या रॅमच्या पिढीत ६४ बिटांमागे ८ बिट जास्तीचे, त्यावरून एक बिट उलटलं तर कळतं आणि दुरुस्तही होतं, दोन उलटले तर निदान कळतं. वेदपाठी जटापाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, परत पहिला-दुसरा असे शब्द म्हणतात, का, तर एक अक्षर चुकलं तरी लगेच कानाला खटकावं म्हणून. माझ्या मते ही जुनी ईसीसीच. जास्तीचं म्हणायचं, म्हणजे मूळचं बिघडत नाही. तेव्हा मेमरीला स्मृती म्हणणं अर्थाने अगदी चपखल आहे, याबद्दल मला शंका नाही.

फक्त तिचा मराठी अवतार स्मृती नाहीच, तो सय! स्मृति, पालीत सति, प्राकृतात सइ, आपल्याकडे सय, जसा पादचा पाय आणि माताची माय. माहेरची सय येते म्हणतो ना आपण, तीच ही.

हां, अहवाल. "सर्व्हरची मेमरी ६४वरून १२८ जीबी केली" एवढं लिहा, मेमरी आणि रॅम दोन्ही स्त्रीलिंगी, सर्व्हर पुल्लिंगी. आणि "मेमरी अद्ययावत केली" लिहू नका, अद्ययावत म्हणजे आजपर्यंतचं, ते सॉफ्टवेअरच्या अपडेटला ठीक, इथे तुम्ही पट्ट्या वाढवल्यात.