वाचकांचे प्रश्न : मीटर चालू आहेत, आकडे मात्र जुळत नाहीत

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचे लहान मशिन शॉप आहे. वीज नेमकी कुठे जास्त खर्च होते हे कळावे म्हणून सीएनसी विभाग, कॉम्प्रेसर आणि हीट ट्रीटमेंट या तिन्ही पॅनेलवर आरएस-४८५ (दोन तारांवरून आकडे पाठवण्याची पद्धत) जोडणीचे मॉडबस (यंत्रांनी आपसात आकडे देण्या-घेण्याची भाषा) मीटर बसवले आणि ते संगणकाला जोडले. एकेक मीटर जोडला तर तो दिसतो; तिन्ही जोडले की वाचन बंद पडते. मीटरच्या पडद्यावर २३६ व्होल्ट असताना संगणक १७२६० दाखवतो. शिवाय कॉम्प्रेसरच्या मीटरवर अंदाजाच्या जेमतेम एक तृतीयांश युनिट पडतात. मीटर सदोष आहेत का?

उत्तर : मीटर बदलण्याची घाई करू नये. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही लक्षणांचे मूळ मांडणीत आणि जोडणीत दिसते.

कारखान्यातून येताना मीटरचा पत्ता, म्हणजे स्लेव्ह आयडी, बहुधा १ असतो. तिन्हींचा पत्ता एकच राहिला तर संगणकाच्या एका प्रश्नाला तिघेही एकदम उत्तर देतात आणि कोणाचेच उत्तर कळत नाही. म्हणून एका वेळी एकच मीटर जोडून त्यांना १, २, ३ असे वेगळे पत्ते द्यावेत (१ ते २४७ पर्यंतचा कोणताही चालतो). बॉड रेट (आकडे पाठवण्याचा वेग), पॅरिटी आणि स्टॉप बिट (चूक ओळखण्याची व अक्षर संपल्याची खूण) मात्र सर्वांचे आणि संगणकाचे तंतोतंत सारखे हवेत. केबल पीळ दिलेल्या जोडीची घ्यावी, ती एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी सलग न्यावी, मध्येच फाटे फोडू नयेत, आणि लांबी जास्त असेल तर दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावावा.

१७२६० हा आकडा वेडावाकडा वाटला तरी तो बरोबरच माहिती देतो आहे. मीटर व्होल्टेज ३२ बिटांच्या दशांश रूपात, म्हणजे फ्लोटमध्ये, साठवतो आणि त्यासाठी १६ बिटांची दोन रजिस्टरे (आकडे ठेवण्याचे कप्पे) वापरतो. तुमचे सॉफ्टवेअर त्यांतले पहिलेच रजिस्टर पूर्णांक समजून वाचत आहे. या रूपात १२८ ते २५५ व्होल्टच्या दरम्यान पहिल्या रजिस्टरचा आकडा दर व्होल्टला एकाने वाढतो, त्यामुळे १७२६० मधून १७०२४ वजा केले की २३६ उरतात. ही वजाबाकी फक्त निदानापुरती करावी. करंट किंवा युनिट यांना ती लागू पडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘३२ बिट फ्लोट’ निवडावे, आणि त्यानंतर पडद्यावर शून्य किंवा भलताच आकडा आला तर दोन रजिस्टरांचा क्रम उलटून पाहावा. माहितीपुस्तिकेत ४०००१ असे छापलेले रजिस्टर अनेक सॉफ्टवेअरमध्ये ० या पत्त्यावर मागावे लागते, हा एकाचा फरकही तपासावा.

कॉम्प्रेसरचे प्रकरण अधिक लक्ष देण्यासारखे आहे, कारण तिथे आकडा खोटा असूनही पटण्याजोगा दिसतो. आधी क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट मोजून मीटरशी ताडून पाहावा. २००/५ चा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तारेतला मोठा करंट ठरावीक प्रमाणात, इथे २०० अँपिअरचे ५, लहान करून मीटरला देणारे उपकरण) असताना मीटरमध्ये ५/५ भरले गेले असते, तर करंट आणि युनिट दोन्ही चाळिसाव्या हिश्श्याने दिसले असते. करंट जुळत असेल आणि युनिट तेवढे तिसऱ्या हिश्श्याचे असतील, तर एक सीटी उलटा बसला आहे असे समजावे : तीन सारख्या फेजपैकी एकाची पॉवर वजा धरली गेली की तीनऐवजी एकाचीच बेरीज उरते. मीटरवर फेजवार किलोवॉट पाहिले की उणे चिन्ह ज्या फेजवर असेल तो सीटी सापडेल. (दोन फेजच्या सीटींची अदलाबदल झाली असती, तर बेरीज जवळपास शून्यावर आली असती.) काही मीटरमध्ये ही दिशा मेनूतून उलटवता येते, पण मला तारच बदललेली बरी वाटते, कारण उद्या दुसरा मीटर बसवणाऱ्याला ती तडजोड ठाऊक नसेल. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, पुरवठा बंद करून करून घ्यावे. चालू भारावर सीटीची दुय्यम, म्हणजे मीटरकडे जाणारी, बाजू कधीही उघडी ठेवू नये. तिथे जीवघेणे व्होल्टेज निर्माण होते. कॉम्प्रेसरची मोटर तिन्ही फेजवर जवळपास सारखा भार घेत असल्याने जुन्या नोंदींना तिनाने गुणून अंदाज बांधता येईल.

बिल केव्हीएएचवर (किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर) येत असेल तर किलोवॉट-तासांबरोबर त्याचेही रजिस्टर नोंदवावे, नाहीतर बिलाशी तुलना करताना पुन्हा घोळ होईल.

प्रश्न : हेच आकडे घरून मोबाइलवर पाहण्यासाठी राउटरमधून थेट वाट मोकळी करावी का?

उत्तर : करू नये. मॉडबस १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने कारखान्यातील नियंत्रकांसाठी आणला, आणि त्याच्या मूळ रचनेत पासवर्डची सोयच नाही. गेटवेचे (मीटरची तार नेटवर्कला जोडणाऱ्या उपकरणाचे) ५०२ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवले, तर कोणीही आकडे वाचू शकेल, आणि मीटरने परवानगी दिली असेल तर सीटीचे गुणोत्तरही बदलू शकेल. व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या खासगी, सुरक्षित वाटेने) जोडावे, किंवा कारखान्यातील संगणकानेच आकडे बाहेर पाठवावेत. मीटरच्या मेनूचा उत्पादकाकडून आलेला मूळ पासवर्डही बदलावा, आणि प्रत्येक मीटरचा पत्ता, बॉड रेट, पॅरिटी व सीटीचे गुणोत्तर कागदावर लिहून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावे.