कार्टूनच तर आहे, मग बघू दे की?

प्रश्न (एक आई, अनगोळ, बेळगाव) : ताई, नमस्कार. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, मुलगी सहाची. सुट्टीत पुण्याचा चुलतभाऊ आला होता, त्यानं नेटफ्लिक्सवर 'द ड्रॅगन प्रिन्स' लावून दिली आणि तेव्हापासून दोघं तेच बघालेत. मुलगा लई खुश आहे, घरभर मंत्र म्हणत फिरालाय. पण मुलगी तिसरा एपिसोड बघितल्यापासून रात्री लाईट बंद करू देईना झालीय, आणि बाबांना ऑफिसातनं यायला जरा उशीर झाला की दारात जाऊन उभी राहतीय. सासूबाई म्हणालेत ते बंदच करा, आणि ह्यांचं म्हणणं कार्टूनच तर आहे, त्याला काय भ्यायचं. वयाचा आकडा लिहिलेला असतोय की वर, तो बघूनच मी लावू दिलं होतं. आता काय करू कळंना. एकाला बघ आणि एकीला नको म्हटलं तर घरात भांडण ठरलेलं.

उत्तर : मुलीचं आत्ता थांबवा. मुलाचं चालू द्या पण एकट्याला नको, तुमच्यातलं कुणीतरी शेजारी बसा. हे पहिल्यांदा सांगून टाकलं कारण तुम्ही काळजीत आहात, आता का ते सांगते, जरा लांबेल.

तुमचं पत्र आल्यावर मी पहिले तीन सीझन बसून बघितले. २०१८ च्या सप्टेंबरात ही आली, दर सीझनला ९ एपिसोड, एकेक साधारण पंचवीस मिनिटांचा, आणि २०२४ च्या डिसेंबरात सातव्या सीझनला संपली, म्हणजे एकूण ६३ झाले. तिसऱ्या एपिसोडात राजा हॅरो मारला जातो. मारताना दाखवत नाहीत, त्यामुळं तुमच्या मिस्टरांना त्यात भ्यायसारखं काही दिसलं नसेल तर नवल नाही. पण तुमच्या मुलीनं काय बघितलं ते बघा. आज रात्री मला मारायला लोक येणार आहेत हे माहीत असलेला बाप आपल्या दोन्ही पोरांना वाड्यातनं लांब पाठवतोय, जवळ घेतोय, आणि मग तो त्यांच्याजवळ परत येत नाही. आता बाबांना उशीर झाला की ती दारात उभी राहते. तिला गोष्ट बरोबर समजलीय आणि ती तिच्या वयाला पेलायची नाही, एवढंच आहे. ड्रॅगनला किंवा शिंगवाल्या एल्फना (गोष्टीतली माणसासारखी दिसणारी, जादू येणारी जमात) ती भ्यालीय असं मला तरी वाटत नाही. म्हणून तिला 'ते खोटं असतंय गं' म्हणून काही होणार नाही, चित्र खोटं आहे हे तिलाही माहीत आहे, बापाचं न येणं तिला खरं वाटलंय. तिच्याशी सरळ बोला. राजा मेला, त्या मुलांना वाईट वाटलं, पुढं त्यांना सांभाळणारी माणसं भेटतात, आणि आपले बाबा बस चुकली की उशिरा येतात, असं साध्या शब्दात. बाबांनी निघताना एक फोन केला तर अजून बरं. लहान दिवा रात्रभर राहू दे, त्यात हरायसारखं काही नाही.

आता तो आकडा. आपल्याकडं २०२१ च्या आयटी नियमांनी ओटीटीवरच्या गोष्टींचे पाच गट केले, यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. १३+ आणि त्याच्यावरच्यांना पालकांसाठी लॉकची सोय देणं बंधनकारक आहे. पण सिनेमाला जसं सेन्सॉर बोर्ड सर्टिफिकेट देतं तसं इथं होत नाही, नियमांची चौकट धरून दाखवणारी कंपनीच गट ठरवते. आणि यू/ए चा अर्थच असा आहे की त्या वयाखालच्या मुलानं बघायचं झालं तर मोठ्यांच्या देखरेखीखाली. आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात हिंसा, भीती असं काहीबाही लिहिलेलं असतं, ते आकड्यापेक्षा जास्त उपयोगाचं, ते वाचत जा. तरीही आकडा ठरवणाऱ्याला तुमची मुलगी माहीत नसते. त्याच वयाची शेजारची मुलगी हसत बघेल, आणि जिच्या घरात नुकतंच कुणी गेलंय अशी बारा वर्षांची मुलगीसुद्धा त्याच एपिसोडला रडेल.

आणि सोबत कोण आहे त्यावर फार काही ठरतं. वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगावात चित्ररथ निघतात तेव्हा आपण चार-पाच वर्षांची पोरं खांद्यावर घेऊन रात्री उशिरापर्यंत उभे असतोच की. समोर सजीव देखाव्यात अफझलखानाचा वध चाललेला असतो, कपड्याला लाल रंग लावलेला असतो, ढोल वाजत असतात, आणि पोरगं घरी येऊन गाढ झोपतं, कारण ते बापाच्या खांद्यावर होतं, कानात कुणीतरी सांगत होतं बघ आता महाराज काय करतात, आणि पुढं काय होणार ते त्याला आधीच पाठ होतं. तुमची मुलगी बापाविना झालेली ती पोरं बघत होती तेव्हा शेजारी दहा वर्षांचा भाऊ होता, आणि त्याला पुढचा एपिसोड लावायची घाई.

मुलाला मात्र ही सिरीज दाखवावी असं मला मनापासून वाटतं आणि ते आपल्या भागातल्या मुलाला जास्तच. गोष्ट अशी आहे की एका भूमीचे दोन तुकडे झालेत. एकीकडं माणसांची पाच राज्यं, दुसरीकडं झेडिया, तिथं एल्फ आणि ड्रॅगन, मधी सीमा, आणि सीमेवर लाव्हाची नदी. दोन्हीकडच्यांना आपापला इतिहास पाठ आहे आणि दोन्ही इतिहासात पहिला वार समोरच्यानं केलेला आहे. माणसांनी ड्रॅगनचा राजा मारला, त्याचा बदला म्हणून एल्फ माणसांच्या राजाला मारायला आले, आणि त्या मारेकऱ्यातलीच एक पोर, रेला, राजाच्या दोन मुलांबरोबर ड्रॅगनचं अंडं परत करायला निघते. सीमा म्हणजे काय हे आपल्याकडच्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. घरात मराठी, शाळेत कन्नडचा तास, दुकानाच्या पाटीवरनं मोठ्यांचे वाद, हे सगळं त्यांच्या कानावर असतंय, आणि वर्गात बाकावर शेजारी बसणारा मित्र कन्नड बोलणारा असतो. तुमचा मुलगा ही सिरीज बघता बघता तुम्हाला कधीतरी विचारेल की मग पहिल्यांदा चूक कुणाची होती. तेव्हा तुम्ही तिथं असायला पाहिजे आणि उत्तराची घाई करायला नको. तुला काय वाटतं म्हणून विचारा.

खलनायक व्हायरेन हाही बापच आहे, राजाचा जवळचा दोस्त, आणि त्याला राज्याचं भलं करायचंय. तो काळी जादू वापरतो, म्हणजे जादूच्या प्राण्याचा जीव घेऊन मंत्र करायचा. दुसऱ्या सीझनमध्ये मागची गोष्ट येते, दुष्काळात एक लाख माणसं उपाशी मरायला आलेली असतात आणि एका अजस्र प्राण्याचं काळीज काढून आणलं तर ती वाचणार असतात. आणायचं का नाही? दहा वर्षांच्या मुलाबरोबर जेवताना बोलायला ह्याच्याइतका चांगला विषय मला तरी सापडला नाही. राजा मेलाय हे रेलाला कळलेलं असतं, ती मुलांना सांगत नाही, मग थोरल्याला कळतं तर तो धाकट्याला सांगत नाही. आपल्या घराघरात हे होतं, लहान आहे, त्याला नको सांगायला. तो धाकटा कळल्यावर काय करतो ते तुम्हीही बघा.

अजून एक आवडलं ते सांगते. अमाया म्हणून सेनापती आहे, तिला ऐकू येत नाही, ती हाताच्या खुणांनी बोलते आणि तिचा सहकारी ते बोलून सांगतो. कुणी तिची कीव करत नाही, मोठमोठे लोक तिचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबतात. मी कुठलंही कार्टून बघताना हे आधी बघते, हसायला कुणाला वापरलंय? जाड्याला, काळ्याला, बोबड्याला वापरलं असेल तर मार नसला, रक्त नसलं तरी ते मला चालत नाही. दुसरं, मार लागलेल्याला दुखतं का. डोक्यात हातोडा बसून लगेच उठून पळणारं कार्टून आपण बिनधास्त लावून देतो, आणि इथं जखम झाली तर ती पुढच्या एपिसोडात पण असते म्हणून घाबरतो. मला हे दुसरं जास्त बरं वाटतं.

जड जागा पण सांगून ठेवते. पहिल्या सीझनमध्ये व्हायरेन एका एल्फला नाण्यात कोंडतो, चेहरा नाण्यावर उमटतो, ते रात्री आठवण्यासारखं आहे. दुसऱ्यात त्याचा मुलगा सोरेन ड्रॅगनशी लढताना जखमी होतो, त्याला हालता येईना होतं, आणि त्याची बहीण त्याला बरं करायला एका हरणाच्या पाडसाचा जीव घेते, समोर दाखवत नाहीत पण कळतं. त्याच सीझनमध्ये एका राज्याच्या दोन राण्या एकमेकींच्या जोडीदार आहेत आणि त्यांना एक मुलगी आहे, मुलानं विचारलं तर काय सांगायचं ते आधी घरात बोलून ठेवा, मी असते तर सरळ सांगितलं असतं की असंही कुटुंब असतं. तिसऱ्याच्या शेवटी मोठी लढाई आहे. चौथ्यापासनं गोष्ट अजून काळोखी होत जाते, तिथं थोडं थांबून मगच पुढं जा.

भांडणाचं म्हणाल तर मुलगी क्लासला किंवा आजीकडं असेल तेव्हा मुलाचा एपिसोड ठेवा, दिवसाला एक, आणि झोपायच्या आधी नको. तिला 'तू भित्री आहेस म्हणून नाही' असं चुकूनसुद्धा बोलू नका, भावालाही बोलू देऊ नका. नऊची झालीस की आपण दोघी मिळून बघू म्हणा आणि मग खरंच बघा.

प्रश्न (एक आजोबा, खानापूर तालुका) : नातू आठ वर्षांचा, आमच्याजवळ असतो, मुलगा-सून गोव्यात नोकरीला. तो मोबाईलला इयरफोन लावून इंग्लिश कार्टून बघत बसतो. मला इंग्लिश येत नाही. ते चांगलं का वाईट मी कसं ओळखायचं?

उत्तर : आजोबा, इंग्लिशची गरज नाही हो. इयरफोन काढायला लावा, ही पहिली अट, आवाज घरात ऐकू आला पाहिजे. ओरडणं, रडणं, मारामारी किती चाललीय हे भाषा न कळता पण कळतं. मग दोनचार वेळा शेजारी बसा आणि पडद्याकडं कमी, त्याच्या तोंडाकडं जास्त बघा. हसतोय, श्वास रोखून बसलाय, का नुसता ताठ होऊन बघतोय. आणि रात्री जेवताना आजची गोष्ट मराठीत सांग म्हणा. कोण कुणाशी का भांडलं, शेवटी काय झालं, हे त्याला सांगता आलं तर त्याला ते झेपतंय. नुसतं 'फाईट झाली' एवढंच येत असेल, किंवा एखादी जागा आली की तो बोलायचाच बंद होत असेल, तर ते बदला.

मुलगा पुढच्या वेळी घरी आला की त्याच्याकडनं तीन कामं करून घ्या. नातवाचं वेगळं प्रोफाइल आणि त्याला वयाची मर्यादा. मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन. आणि एक एपिसोड संपला की दुसरा आपोआप सुरू होतो ते बंद करायचं, कारण तिथंच तुमचा आणि त्याचा रोजचा वाद होत असणार. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दिवसाला दोन तासांच्या आत स्क्रीन असं सांगितलंय, त्यात टीव्ही आणि मोबाईल दोन्ही मोजायचे.

प्रश्न (निपाणीहून एक पालक) : मुलीला लहानपणी फिट यायच्या, आता गोळ्या चालू आहेत. कार्टूनमधल्या लखलखाटानं त्रास होतो म्हणतात ते खरं आहे का?

उत्तर : खरं आहे, पण फिट येणाऱ्या सगळ्यांनाच होतो असं नाही, काहींनाच होतो. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये पोकेमॉनच्या एका एपिसोडात लाल-निळा उजेड भराभर उघडझाप झाला आणि सहाशेच्यावर मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. जादूच्या सिरीजमध्ये वीज, स्फोट, मंत्राचा उजेड हे असतंच, म्हणून तुमच्या मुलीला उजेडाचा त्रास आहे का हे आधी तिच्या डॉक्टरांना विचारा, ते ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूची तपासणी, करताना लाईट लावून बघू शकतात. तोपर्यंत खोलीत लाईट चालू ठेवा, टीव्हीपासून लांब बसवा, झोप कमी झालेली असेल त्या दिवशी नको, आणि नवीन एपिसोड आधी तुम्ही बघा. बघताना अचानक लखलखाट सुरू झालाच तर तळव्यानं एक डोळा पूर्ण झाकून तोंड फिरवायला शिकवा. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतनं उजेड आत जातो.