सोलापुरात माशांच्या दोन फुटी टाकीला कोणता फिल्टर आणि कोणती जिवंत झाडं?

स्पंज फिल्टर (हवेच्या बुडबुड्यांनी पाणी स्पंजमधून ओढणारा) आणि त्याला हवा द्यायला एक छोटा एअर पंप घ्या. २ × १ × १ फूट टाकीत जेमतेम ५० लिटर पाणी बसतं, तिला मोठा पॉवर फिल्टर लावला तर गप्पीसारखे छोटे मासे बिचारे प्रवाहाशी झुंजत बसतात. शिवाय आपल्याकडचा एप्रिल-मे! पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, तेव्हा हे बुडबुडेच कामाला येतात. पंप टाकीच्या पातळीपेक्षा वर ठेवा. माझा खाली स्टूलवर होता. लाइट गेली, पाणी नळीतून उलटं आलं आणि सकाळी फरशी ओली, पंप गार.

स्पंज नळाखाली धुऊ नका. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच राहतात, क्लोरीनने मरतात. पाणी बदलताना काढलेल्या बादलीतच दोनदा पिळा, तपकिरी गाळ निघाला की पुरे. आणि मासे लगेच सोडू नका, हे जिवाणू बसायला ४-६ आठवडे लागतात.

झाडांत बोअरच्या जड पाण्याला व्हॅलिस्नेरिया उत्तम, गवतासारखं पसरतं. अनुबियास आणि जावा फर्न दगडाला दोऱ्याने बांधा. आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. हॉर्नवर्ट नुसतं तरंगत सोडलं तरी चालतं. लाल पानांच्या झाडांच्या नादाला सध्या लागू नका. दिवा ६-७ तास, खिडकीचं ऊन नको, शेवाळ माजतं.