बेसबॉलमध्ये लहान शहरांचे संघ श्रीमंत संघांना टक्कर देऊ शकतात का?

सप्टेंबरपर्यंत देतात, अगदी दणकून देतात. ऑक्टोबरमधल्या प्लेऑफचं विचाराल, तर तिथे माझी जीभ जरा अडखळते. मी काही वर्षं अमेरिकेतल्या मिलवॉकीत राहतोय आणि इथल्या ब्रूअर्सचा पाठीराखा आहे, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरूनच वाचा.

तुम्ही ओकलंडच्या २००२च्या संघाचं नाव घेऊन विचारलंय की तो एक चमत्कार होता की खरंच अशी काही वाट आहे. वाट आहे. पण ती एकाला सापडली की श्रीमंत मंडळीही मागोमाग तिथेच येतात. त्या वर्षी ओकलंडचा पगारखर्च साधारण ४ कोटी डॉलर होता आणि न्यूयॉर्क यांकीजचा साडेबारा कोटींच्या आसपास. सामने दोघांनीही १०३ जिंकले. ओकलंडचा कारभार पाहणाऱ्या बिली बीनने हेरलं होतं की बाजारात उंच फटके मारणाऱ्याला भाव आहे, पण संयमाने चेंडू सोडून फुकट बेस (धावेच्या वाटेवरचा टप्पा) मिळवणाऱ्याला नाही. त्याने असे स्वस्त खेळाडू उचलले. आज प्रत्येक संघाकडे गणितज्ञांची फौज आहे. सगळ्यात मोठी फौज अर्थातच ज्याच्याकडे पैसा त्याची.

आपल्याला आयपीएलची सवय असते, म्हणून एक गोष्ट आधी सांगतो. आयपीएलच्या लिलावात सगळ्यांची थैली सारखी असते, २०२५च्या मोठ्या लिलावात ती १२० कोटी रुपयांची होती. मेजर लीग बेसबॉलमध्ये अशी पगारमर्यादाच नाही. ठरावीक आकड्यापलीकडे गेलात तर दंडवजा कर भरा आणि पुढे चला. राष्ट्रीय टीव्हीचे पैसे सर्वांना सारखे मिळतात, पण स्थानिक टीव्हीचे, थोडा वाटा इतरांना देऊन, ज्याचे त्याला. लॉस एंजेलिस डॉजर्सचा २०१३चा स्थानिक करार २५ वर्षांसाठी ८३५ कोटी डॉलरचा होता. मिलवॉकीसारख्या गावाला एवढं कोण देणार?

मग हे संघ तगतात कसे? खेळाडूच्या पहिल्या सहा वर्षांवर. नवा खेळाडू मेजर लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षं तो त्याच संघाच्या ताब्यात असतो. पहिली तीन वर्षं पगार किमान दराच्या जवळपास (२०२५मध्ये हा दर ७ लाख ६० हजार डॉलर होता), नंतरची तीन वर्षं लवादाने ठरेल तो. त्यानंतर खेळाडू मोकळा होतो आणि श्रीमंत संघ बोली लावतात. म्हणून लहान संघ पाडाला आलेला आंबा झाडावर ठेवत नाही. मुदत संपायच्या आधीच विकतो आणि बदल्यात कोवळी पोरं घेतो. ब्रूअर्सनी कॉर्बिन बर्न्ससारखा पिचर (चेंडू टाकणारा) बाल्टिमोरला दिला, डेव्हिन विल्यम्स यांकीजना दिला. तेव्हा आमच्या ऑफिसात सुतकी वातावरण होतं. विल्यम्सच्या बदल्यात आलेल्यांपैकी केलेब डर्बिन नावाचा बुटका पोरगा २०२५मध्ये आमचा तिसऱ्या बेसवरचा हुकमी खेळाडू झाला.

खेळाडूच जातात असं नाही, डोकीही जातात. संघ बांधणारा डेव्हिड स्टर्न्स न्यूयॉर्क मेट्सकडे गेला. मॅनेजर, म्हणजे प्रशिक्षक, क्रेग काउन्सेल मिलवॉकीच्याच उपनगरात वाढलेला, पण शिकागो कब्जनी पाच वर्षांचे ४ कोटी डॉलर देऊन त्याला नेलं. २०२४मध्ये तो इथे परत आला तेव्हा स्टेडियमने त्याची मनसोक्त हुर्यो उडवली. मीही उडवली, खोटं कशाला बोलू! आणि २०२५मध्ये काय झालं? ब्रूअर्सनी ९७ सामने जिंकले, सर्व ३० संघांत सर्वाधिक. प्लेऑफमध्ये त्याच काउन्सेलच्या कब्जना हरवलं. हुआन सोटो या एकट्या खेळाडूला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर कबूल करणारे मेट्स प्लेऑफपर्यंतही पोचले नाहीत.

पुढे डॉजर्स आले. साखळीत आम्ही त्यांच्याशी सहा सामने खेळलो होतो, सहाही जिंकलो होतो. त्यांचा पगारखर्च आमच्या जवळजवळ तिप्पट, तरी! प्लेऑफमध्ये त्यांनी चार सामन्यांत चारदा धुतलं. प्रत्येक सामन्यात आमची एकच रन. पहिल्या सामन्यात त्यांच्या ब्लेक स्नेलने नऊपैकी आठ डावांत फक्त एक हिट दिला. चौथ्यात त्यांच्याच ओहतानीने पिचर म्हणून दहा जण स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि स्वतः तीन होम रन मारले. त्याला काय म्हणणार, हात जोडायचे.

स्नेलचं मात्र मला जास्त लागलं. हा मूळ टँपा बे रेजचा, म्हणजे आमच्यासारख्याच काटकसरी संघाचा. २०२०च्या वर्ल्ड सिरीजच्या (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या) सहाव्या सामन्यात रेज १-० पुढे असताना, सुंदर टाकत असलेल्या स्नेलला मॅनेजरने ७३ चेंडूंनंतर काढलं आणि डॉजर्स जिंकले. तेव्हा डॉजर्सचा कारभार पाहणारा अँड्र्यू फ्रीडमन कोण? तोही रेजमधूनच उचललेला! आमच्याविरुद्ध तिसरा सामना सुरू करणारा टायलर ग्लासनोही पूर्वीचा रेजचाच. म्हणजे गरिबाघरची अक्कल आणि गरिबाघरचे पिचर, वर श्रीमंताचं पाकीट. यापुढे काय करणार?

तरी कधीकधी जमतं. कॅन्सस सिटी रॉयल्स २९ वर्षं प्लेऑफपासून लांब होते. २०१४मध्ये ते वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात एका रनने हरले, आणि २०१५मध्ये मेट्सना हरवून जिंकले. त्यांची सगळी पोरं एकाच वेळी पिकली होती. दोन-तीन वर्षांत ती पांगली.

आणि ‘आम्ही लहान बाजारातले’ हे रडगाणं ऐकलं की मालकाच्या खिशाकडेही बघा. २०१८मध्ये खेळाडूंच्या संघटनेने तक्रार केली होती की पिट्सबर्ग, टँपा बे, मायामी आणि ओकलंड हे संघ श्रीमंतांकडून मिळणारा महसुलाचा वाटा संघ सुधारण्यासाठी वापरत नाहीत. ओकलंडने तर २०२३मध्ये ११२ सामने गमावले आणि नंतर शहरच सोडलं. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सध्याच्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६पर्यंतची. पगारमर्यादेच्या वादापायी १९९४ची वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती, आणि संघटना आजही कमाल मर्यादेला कडाडून विरोध करते. माझं विचाराल, तर कमाल मर्यादेइतकीच किमान खर्चाचीही सक्ती हवी.