बेथपेज ब्लॅकवर साधारण हौशी गोल्फरने खेळावे का?

आपण विचारले आहे की, उन्हाळ्यात मुलाकडे न्यू जर्सीला येणार आहात, आपला हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) विसाच्या आसपास आहे, आणि बेथपेज ब्लॅक या गोल्फ कोर्सच्या पहिल्या टीजवळची (टी म्हणजे होलचा पहिला फटका जिथून मारतात ती जागा) ती प्रसिद्ध इशाऱ्याची पाटी वाचल्यानंतर तिथे खेळायला जाणे शहाणपणाचे ठरेल का. माझा हँडिकॅप सतरा असताना मी तिथे पूर्ण अठरा होल खेळलो आहे. माझे उत्तर असे की, जरूर खेळावे, मात्र योग्य टीवरून खेळावे आणि सगळा मार्ग पायी चालण्याची शरीराची तयारी करूनच जावे.

आधी हा कोर्स काय आहे ते सांगतो, कारण त्याचे मोल त्याच्या मालकीत आहे. न्यूयॉर्क राज्यात, लाँग आयलंडवरच्या फार्मिंगडेल या गावी बेथपेज स्टेट पार्क आहे आणि त्यात ब्लॅक, रेड, ब्लू, ग्रीन व यलो असे पाच कोर्स आहेत. हे उद्यान सरकारी आहे. ब्लॅक कोर्स १९३६ साली खुला झाला आणि त्याच्या रचनेशी ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट या नामवंत रचनाकाराचे नाव जोडलेले आहे. २००२ आणि २००९ सालच्या यूएस ओपन स्पर्धा, २०१९ ची पीजीए चॅम्पियनशिप आणि २०२५ चा रायडर कप इथेच झाला. २००२ साली चार दिवसांच्या खेळानंतर पारपेक्षा, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा, कमी फटक्यांत असलेला टायगर वूड्स हा एकमेव खेळाडू होता. आपल्याकडे खारघरच्या सिडकोच्या कोर्ससारखे थोडे अपवाद सोडले, तर गोल्फ बहुतांशी लष्कराच्या किंवा क्लबांच्या कुंपणाआड खेळला जातो. म्हणूनच जिथे जगज्जेते झगडले, तिथे कोणाची शिफारस किंवा सभासदत्व नसताना पैसे भरून उभे राहता येते, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते.

वेळ मिळवणे हे पहिले काम. आगाऊ नोंदणीत न्यूयॉर्कच्या रहिवाशांना प्राधान्य असते, आणि मी खेळलो तेव्हा बाहेरच्यांना त्यांच्या दुप्पट शुल्क होते. आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी मात्र इथली जुनी प्रथा अशी की, लोक आदल्या संध्याकाळीच गाडी घेऊन येतात, वाहनतळावरच्या क्रमांक घातलेल्या जागांवर ती उभी करतात, गाडीतच झोपतात आणि पहाटे क्रमाने नंबर घेतात. मीही तसेच केले. पहाटेच्या गार हवेत, हातात कॉफीचे पेले घेऊन अनोळखी माणसे एकमेकांना हँडिकॅप विचारत होती, आणि त्यांतूनच आमची चौकडी जमली. एक प्लंबर, एक निवृत्त शिक्षक, एक महाविद्यालयीन मुलगा आणि मी. सोमवारी हा कोर्स सहसा बंद असतो, तेव्हा तो वार टाळूनच बेत करावा.

पाटीवर लिहिले आहे की, ब्लॅक कोर्स अत्यंत अवघड असून तो केवळ अतिशय कुशल खेळाडूंनीच खेळावा अशी आमची शिफारस आहे. ती वाचून परत फिरण्याची गरज नाही, पण ती खरी आहे हे मनाशी धरूनच पहिला चेंडू टीवर ठेवावा. स्पर्धेच्या वेळी हा कोर्स सुमारे ७,४०० यार्डांचा असतो, तर पांढऱ्या टीवरून तो सुमारे ६,७०० यार्डांचा होतो. आमच्यातला तो तरुण मागच्या टीवरून खेळण्याचा आग्रह धरून बसला होता, तेव्हा शिक्षकांनी त्याला शांतपणे समजावले की, ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा पहिला लांब फटका, दोनशे वीस यार्ड जाणाऱ्याने मागून खेळले, तर त्याच्या वाट्याला गोल्फ येत नाही, फक्त रफ, म्हणजे उंच गवत, येते. मला ते शंभर टक्के पटले.

इथली रफ दाट आणि सकाळी दवाने भिजलेली असते. चेंडू दोन पावलांवर असूनही दिसत नाही, आणि सापडल्यावर लांबचा लोखंडी क्लब घेऊन मारू पाहणारा हमखास फसतो. अशा वेळी मुकाट्याने वेज, म्हणजे छोट्या पल्ल्याचा क्लब, काढावी आणि चेंडू जवळच्या फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, आणावा. हा धडा मला चौथ्या होलवर मिळाला. हा पार पाचचा होल दिसायला फार देखणा आहे. पहिल्या फटक्यानंतर समोर चढावर ग्लेशियर नावाचा अवाढव्य बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, फेअरवेला आडवा पसरलेला दिसतो. माझा ड्राइव्ह रफच्या कडेला पडला होता, तरीही मी फाइव्ह वूड घेऊन बंकर ओलांडण्याचा प्रयत्न केला. चेंडू बंकरच्या वरच्या काठाखाली इतका आत रुतला की, उभे राहायला एक पाय वाळूत आणि दुसरा गुडघ्याएवढ्या उंच गवतात ठेवावा लागला. तिथून मी पुढे मारत राहिलो आणि दोन फटके वाळूतच गेले. प्लंबर म्हणाला, ‘भाऊ, मागे मार.’ मी मागे वळून सपाट बाजूला चेंडू काढला, आणि मगच तो होल नऊ फटक्यांत संपला. आपण तिथे पोहोचाल तेव्हा दुसरा फटका बंकरच्या अलीकडेच थांबवावा, एवढे माझे ऐकावे.

पाण्याची भीती जवळपास नाही, कारण तळे एकट्या आठव्या होलवर आहे. खरी परीक्षा चालण्याची आहे. मोटारीच्या गाड्यांना इथे परवानगी नाही, त्यामुळे सगळा मार्ग पायीच चालावा लागतो. दुसऱ्या होलपासून चौदाव्यापर्यंतचा भाग राउंड स्वॅम्प रोडच्या पलीकडे आहे. चौदावा संपवून रस्ता ओलांडून परत आलो तेव्हा पायांत गोळे आले होते, आणि नेमका तिथेच पंधरावा होल उभा आहे. फेअरवे सपाट, पण ग्रीन, म्हणजे झेंडा असलेली हिरवळ, एकदम टेकडीच्या माथ्यावर. खालून झेंड्याचा फक्त वरचा भाग दिसतो. मी तिथे नेहमीपेक्षा दोन क्रमांक लांब पल्ल्याचा क्लब घेतला, तरी चेंडू उतारावरच अडकला. २०१९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये ब्रूक्स केप्का हा खेळाडू मोठ्या आघाडीवर असताना अकराव्यापासून चौदाव्यापर्यंत सलग चार बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) करून बसला होता, हे तेव्हा मला आठवले आणि मन शांत झाले. वेज, दोन पुट, बोगी. त्या दिवसातली माझी सर्वांत आवडती बोगी तीच.

माझे एकूण १०८ फटके झाले. त्यात एकही बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) नव्हती, पार तीन होते आणि त्यांतला एक सतराव्या होलवर, जिथे रायडर कपच्या वेळी प्रेक्षकांचे मोठे मंच उभारले होते. अठराव्यावर चौघांनी टोप्या काढून हस्तांदोलन केले. प्लंबरला दुपारी कामावर जायचे होते, म्हणून तो बूट न बदलताच निघाला.

आपल्यासाठी माझा सल्ला असा की, आधी एक दिवस त्याच उद्यानातल्या रेड कोर्सवर खेळून पाहावे. तोही कसदार आहे, आणि तिथे चालून पाय कसे वागतात ते कळते. तिथे शंभर-एकशे पाचच्या आत खेळ झाला आणि गुडघे कुरकुरले नाहीत, तर ब्लॅकची वेळ घ्यावी. मुळात चढउताराचाच त्रास होत असेल, तर मात्र ग्रीन किंवा यलो कोर्स निवडावा, कारण त्या रस्त्यापलीकडून मध्येच परतणे अवघड असते. पाण्याच्या दोन बाटल्या आणि सुक्या मोज्यांचा एक जादा जोड बॅगेत असू द्यावा. मोज्यांची आठवण मला बाराव्या होलवर झाली, आणि तेव्हा ते गाडीत होते.