पीएफ हातात आला. आता ठेवायचा कुठं?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतून पुढच्या महिन्यात, ५८ पूर्ण झाल्यावर निवृत्त होतोय. बेसिक आणि डीए मिळून २८ हजार, नोकरी ३१ वर्षं. पीएफचे २३ लाख आणि ग्रॅच्युइटीचे ५ लाख येतील, पेन्शन ४,२०० रुपये बसेल. घर स्वतःचं, कर्ज नाही. दोघांचा महिन्याचा खर्च २४ हजार. ओळखीची पतसंस्था दहा टक्के देते म्हणते. शिवाय मुलाला पुण्यात फ्लॅटसाठी १० लाख हवेत. काय करावं?
– एक वाचक, उचगाव

उत्तर : आधी ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतः करून बघा. २८,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ३१, म्हणजे ५ लाख ७६९ रुपये. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरलं जातं. कंपनीनं ते सोडलं असेल तर आताच विचारा, नंतर फेऱ्या मारायला नकोत.

आता पतसंस्था. पाटीवर दोन्हीकडं ‘सहकारी’ असलं तरी सहकारी बँक आणि पतसंस्था या वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतली ठेव एकत्र मोजतात. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. संचालक कितीही ओळखीचे असोत, कर्जं थकली की ओळख कामाला येत नाही. पतसंस्थेचे दहा टक्के आणि पुढं सांगितलेल्या सरकारी योजनेचे ८.२ टक्के यांतला फरक २० लाखांवर महिन्याला ३ हजार रुपये होतो. तेवढ्यासाठी २० लाख बिनविम्याचे ठेवणं आम्हाला पटत नाही.

तुमच्यासाठी पहिला पर्याय ज्येष्ठ नागरिक बचत योजना. ती ६० नंतरच मिळते असा समज आहे. पण ५५ ते ६० च्या दरम्यान निवृत्त झालेल्यांनाही मिळते. अट एकच : निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं, आणि निवृत्तीची तारीख, मिळालेली रक्कम यांचं कंपनीचं पत्र जोडायचं. हे पत्र शेवटच्या दिवशीच घेऊन ठेवा. पीएफ आणि ग्रॅच्युइटी वेगवेगळ्या तारखांना आली तर दोन खाती काढता येतात, मर्यादा मात्र सगळी मिळून ३० लाखच. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही.

८.२ टक्क्यांनी २० लाखांवर तिमाहीला ४१,००० रुपये येतात. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या १ तारखेला मिळतं. ते थेट बचत खात्यात जाईल अशी सोय करा, कारण तिथंच पडून राहिलेल्या व्याजावर व्याज मिळत नाही. वर्षाच्या आत खातं मोडलं तर व्याज शून्य. दुसऱ्या वर्षात मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का, त्यापुढं एक टक्का कापतात. म्हणून सगळे २८ लाख इथं अडकवू नका. कर लागत नसेल तर तसं स्वयंघोषणापत्र वर्षाच्या सुरुवातीलाच द्या. नाहीतर व्याजातून आधीच कर (टीडीएस) कापला जातो आणि परताव्यासाठी रिटर्न भरत बसावं लागतं.

उरलेल्या ८ लाखांपैकी ४ लाख पोस्टाच्या मासिक योजनेत. ७.४ टक्क्यांनी महिन्याला २,४६७ रुपये. २ लाख दवाखान्यासाठी बँकेत, कधीही काढता येतील असे. शेवटचे २ लाख, दहा वर्षं हात लावणार नसाल तरच, इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात.

बेरीज करा : ४,२०० पेन्शन, ज्येष्ठ नागरिक योजनेचे महिन्याला १३,६६७ आणि मासिक योजनेचे २,४६७ मिळून २०,३३४ रुपये. खर्चाला ३,६६६ कमी पडतात. आणि हा आजचा खर्च आहे. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत २४ हजारांचे ४८ हजार होतात. तेव्हा अंगात बळ आहे तोवर चार-पाच वर्षं एखाद्या जॉबवर्क युनिटमध्ये इन्स्पेक्शनचं हलकं काम बघा. त्यातून वाचेल ते आवर्ती ठेवीत टाका.

मुलाच्या १० लाखांचं उत्तर याच आकड्यांत आहे. ते दिले तर ८.२ टक्क्यांच्या हिशेबानं महिन्याला ६,८३३ रुपये कमी होतील. त्याला हाच कागद दाखवा.

प्रश्न : महाद्वार रोडवर चपलांचं दुकान आहे, वय ४२. पीएफ नाही, पेन्शन नाही. दुकान चालतंय तोवर काळजी कशाला, असं घरचे म्हणतात.
– एक व्यापारी, कोल्हापूर

उत्तर : दुकानातला माल म्हणजे बचत नव्हे, गरजेच्या वेळी विकायला काढलात तर खरेदीची किंमतही येत नाही. पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं उघडा. वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख, मुदत १५ वर्षं. दरवर्षी एप्रिलच्या ५ तारखेआधी पूर्ण रक्कम भरली आणि ७.१ टक्के दर कायम राहिला तर शेवटी ४० लाखांच्या वर रक्कम होते. महिन्याचं व्याज ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकेवर मोजतात, म्हणून ६ तारखेला भरलेल्या पैशाचं त्या महिन्याचं व्याज जातं. हप्ता ठरलेला नसतो. नवरात्र-दिवाळीत गल्ला भरतो तेव्हा जास्त, पावसाळ्यात कमी, असं चालतं. वर्षाला किमान ५०० मात्र हवेतच. व्यापाऱ्याला आणखी एक फायदा : घेणेकऱ्यांच्या दाव्यात कोर्टाला ही रक्कम जप्त करता येत नाही.

प्रश्न : सगळ्या ठेवींवर आमच्या ह्यांनी माझं नाव नॉमिनी म्हणून लावलंय. मग मृत्युपत्र कशाला?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नॉमिनीला बँक पैसे देते, पण मालकी वारसांचीच राहते. उद्या मुलं, दीर कुणी हक्क सांगितला तर नॉमिनेशन पुरत नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं मृत्युपत्र चालतं. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. ज्याला वाटा द्यायचा आहे त्याला साक्षीदार करू नका.