वाकडी कड फेन्सला लावायचीच नाही

प्रश्न : नमस्कार काका. आमची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा गॅलरीच्या जुन्या सागवानी फळ्या मी ठेवून घेतल्या. पाच फूट लांब, आठ इंच रुंद, सव्वा इंच जाड. एका बाजूची कड मधे चांगली पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत गेलीय आणि दुसरी बाजू तर एकदम ओबडधोबड आहे. भावाच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात दहा इंची टेबल सॉ आहे, तिच्यावर फेन्सला, म्हणजे ब्लेडशेजारच्या सरळ आधारपट्टीला, लावून एक फळी चिरली तर ती वाकडीच निघाली, वर मधेच ब्लेड अडकून फळी मागे ढकलली गेली. कड सरळ करायचं जॉइंटर मशीन नाहीये. डायनिंग टेबलचा टॉप करायचाय, काय करू?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : आधी हे सांगा की फळी मागे आली तेव्हा तुम्ही ब्लेडच्या सरळ रेषेत उभे होतात का? असाल तर ती सवय आजपासून बंद. दहा इंची ब्लेड मिनिटाला चार-पाच हजार फेरे मारतं, म्हणजे त्याच्या दातांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास जातो, आणि त्या दातांनी फळी उचलली की ती पोटात येते. कायम थोडं बाजूला उभं राहायचं.

आता वाकडी का निघाली ते बघू. फेन्स फळीला सरळ करत नाही, फळीची जी कड फेन्सला टेकलीय तिचीच नक्कल समोरच्या बाजूला उतरते. लोकल जशी रुळ वळतील तिकडेच जाणार, तसंच हे. बरेच जण म्हणतात की आत गेलेली बाजू फेन्सला लावा, दोन टोकं टेकतात म्हणजे फळी डुलत नाही. फेन्स फळीपेक्षा लांब असेल तर ठीक आहे, पण बहुतेक मशीनची फेन्स अडीच-तीन फुटांची असते आणि तुमची फळी पाच फूट, म्हणजे दोन्ही टोकं एकाच वेळी फेन्सला टेकणारच नाहीत. फळी पुढे सरकेल तसा टेकायचा बिंदू बदलतो, फळी हळूच फिरते, ब्लेड आणि फेन्सच्या मधे चेपली जाते आणि मग जे तुमच्याकडे झालं ते होतं.

म्हणून फळीला उसनी सरळ कड द्यायची. १२ मिलिमीटरच्या चांगल्या प्लायची एक पट्टी घ्या, सहा फूट लांब आणि दहा-अकरा इंच रुंद. प्लायच्या आठ बाय चारच्या शीटची फॅक्टरीतली कड साधारण सरळ असते, पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका, तपासा. एका मोठ्या शीटवर पट्टीची कड ठेवून बारीक टोकाच्या पेन्सिलीने पूर्ण लांबीची रेघ ओढा, मग पट्टी पुस्तकाचं पान उलटतो तशी उलटवून तीच कड त्याच रेघेच्या दोन टोकांवर लावा आणि परत रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर कड सरळ. मधे फट दिसली तर कडेतली चूक त्या फटीच्या निम्मी आहे, कारण उलटवल्यावर ती दुप्पट होऊन दिसते. फूटपट्टीने नाही कळत ते इथे कळतं. रंधा मारून ती कड नीट करा, घाई करू नका, पुढची प्रत्येक फळी याच कडेवर चालणार आहे.

मग ती सरळ कड फेन्सला लावून पट्टी एकदा तशीच ब्लेडमधून काढा, तिच्या दुसऱ्या बाजूचे दोन-तीन सूत कापले जातील एवढीच फेन्स ठेवा, आणि त्यानंतर फेन्सला हात लावायचा नाही. आता पट्टीची ही नवी कड म्हणजेच कापायची रेघ. फळी वर ठेवली की जेवढा भाग त्या कडेच्या बाहेर लटकतोय तेवढा जाणार, बाकीचा राहणार, त्यामुळे मापं काढायला नको, फळी सरकवून कुठे कमीत कमी लाकूड वाया जातंय ते नुसत्या नजरेने ठरवता येतं. पाच सूत खोली आहे ना, मग टोकाकडून पाच सूत जाणारच, त्याला इलाज नाही. फळी लटकवायची ती ब्लेडच्या बाजूला, फेन्सच्या बाजूला नाही, म्हणजे कापलेला तुकडा मोकळा पडतो, कुठे अडकत नाही.

फळी धरायला दोन टॉगल क्लॅम्प, म्हणजे दांडा पाडला की दाबून धरणारे क्लॅम्प, पट्टीवर बसवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, आणि मागच्या टोकाला एक ठोकळा स्क्रूने मारा म्हणजे फळी मागे सरकणार नाही. पट्टीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला तर पकड फार चांगली येते. नुसत्या डबल टेपवर मात्र भरवसा ठेवू नका, खडबडीत लाकडाला ती पाहिजे तशी चिकटत नाही.

फळी पट्टीवर ठेवून चारही कोपरे दाबून बघा. पीळ असेल तर एक कोपरा डुलतो, त्याच्याखाली बारीक पाचर सारा. पण खरं सांगायचं तर पिळलेल्या फळीची कड चिरण्याआधी एक बाजू रंध्याने सपाट करून घेतलेली कधीही चांगली, कारण कड काटकोनात आहे की नाही हे शेवटी त्या सपाट बाजूवर गुण्या ठेवूनच बघणार ना. सपाटीचा अंदाज घ्यायला सारख्या रुंदीच्या दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि एकीच्या वरच्या कडेवरून दुसरीकडे बघा, पीळ लगेच डोळ्यात येतो.

ब्लेड चिरायचं घ्या, दहा इंचीला २४ दातांचं. ६० नाहीतर ८० दातांचं ब्लेड प्लायला छान, पण सव्वा इंच सागवान लांबीत चिरताना त्यात भुसा साचतो, ब्लेड तापतं आणि लाकूड काळं पडतं. उंची एवढीच ठेवा की दातांमधल्या खाचा फळीच्या जरा वर दिसतील. ब्लेडच्या मागचं रायव्हिंग नाइफ, म्हणजे ते पातळ पोलादी पातं, काढून ठेवलं असेल तर आधी लावा. जुन्या लाकडात ताण असतो, चिरताना फाक मिटते आणि ब्लेडला चिमटते, ते पातं फाक मिटू देत नाही. तरीही चिमटलंच तर फळी मागे ओढू नका, आहे तिथेच घट्ट धरून स्विच बंद करा, ब्लेड पूर्ण थांबलं की फाकेत पाचर मारा. सहा फुटी पट्टी मशीनच्या मागे लटकणार, तिला आधार द्यायला पलीकडे टेबलाच्या उंचीचा स्टँड हवाच. हातमोजे घालायचे नाहीत.

एक कड सरळ झाली की प्लायची पट्टी बाजूला ठेवा, फळीची ती सरळ कड थेट फेन्सला लावून दुसरी कड चिरा, पण दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवून. फळ्या काही दिवस आडव्या पडू द्या, हलायचं ते हलू द्या आणि मग फायनल कट घ्या. शेवटी दोन फळ्यांच्या कडा एकमेकींना टेकवून खिडकीच्या उजेडासमोर धरा, फटीतून उजेड आला नाही तर टॉप जोडायला फळ्या तयार.

आणि एक राहिलं. गॅलरीच्या फळ्या आहेत म्हणजे आत खिळे असणार, कधीकधी डोकं तुटून नुसता दांडा राहिलेला असतो. चांगलं लोहचुंबक दोन्ही बाजूंनी इंच इंच फिरवा. काळे डाग दिसतील तिथे जास्त बघा, सागाला लोखंड लागलं की काळं पडतं. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याच्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं. सागाच्या भुशाने पण अनेकांना खाज आणि दम्यासारखा त्रास होतो, तेव्हा एन-९५ मास्क लावा.

प्रश्न : माझ्याकडे टेबल सॉ नाही. मार्बल कटर प्लायच्या खाली उलटा स्क्रू करून टेबल बनवलंय, सुतार लोक करतात तसं. त्याच्यावर जाड लाकूड चिरता येईल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नका करू, अगदी मनापासून सांगतोय. साइटवर हे सर्रास दिसतं आणि बोटं गेलेले सुतारही दिसतात. चार इंची कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांनी फिरतो, त्याला रायव्हिंग नाइफ नाही, वर गार्ड नाही, स्विच लॉक करून टेबलाखाली, म्हणजे अडचण आली की हात आधी खाली शोधत जाणार. सव्वा इंच सागवानात तो धापा टाकतो, आणि तुम्ही जोर लावता, आणि जोर लावलेला हात ब्लेडकडेच जातो. त्यापेक्षा फळी खाली घट्ट क्लॅम्प करा, वर सरळ प्लायची पट्टी क्लॅम्प करा आणि सात इंची सर्क्युलर सॉ तिच्या कडेने चालवा. तेही नको असेल तर एखाद्या सॉ मिलवाल्याकडे किंवा रंधा मशीनवाल्याकडे विचारा, चार फळ्यांची कड मारून घ्यायला खूप खर्च येत नाही.

प्रश्न : मार्चमध्ये सरळ केलेल्या सागवानी फळ्या जुलैत रुंदीला जास्त भरल्या, एक तर परत वाकली. लाकूड खराब दिलं का दुकानदाराने?
– एक वाचक, खारघर

उत्तर : रुंदी वाढण्यात दुकानदाराचा दोष नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. सागवान त्यातल्या त्यात शांत, तरी आठ इंची फळीतला ओलावा चार टक्के वाढला तर ती दीड मिलिमीटरपर्यंत जास्त रुंद होऊ शकते, आणि आपल्या पावसाळ्यात तेवढा वाढतोच. वाकलेली फळी बहुतेक नीट सुकलेली नव्हती नाहीतर भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली होती. सगळ्या फळ्या आडव्या रचा, दर दीड फुटावर सारख्या जाडीच्या पट्ट्या मधे घाला, पट्ट्या एकावर एक ओळीत येऊ द्या, वर वजन ठेवा. वाकलेलीची कड परत मारायची असेल तर ऑक्टोबर उलटून जाऊ द्या.